फ्लॉरेन्स नाईटिंगेल : हातातला दिवा आणि हातातली वही

दर वर्षी १२ मे रोजी जगभर परिचारिका दिन पाळला जातो. त्या दिवशी परिचारिका विद्यालयांतून दिवे लावले जातात, शुभ्र गणवेशातील मुली हाती ज्योत घेऊन सेवेची शपथ घेतात आणि व्यासपीठावर एका इंग्रज स्त्रीची तसबीर हार घालून ठेवलेली असते. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांतून एखादी मुलगी, सून किंवा मावशी या सेवेत गेलेली आहे. त्यामुळे ही तसबीर आपणांस परकी नाही. रात्रीच्या अंधारात हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी ती करुणामूर्ती लहानपणी शालेय पुस्तकातून प्रत्येकाला भेटलेली असते.

परंतु त्या चित्रात अर्धेच सत्य आले आहे. त्या हातात दिव्याइतकाच काळ एक वही होती. किती आजारी आले, किती बरे झाले, किती वारले आणि कशाने वारले, याचा हिशेब त्या वहीत होता. या हिशेबानेच एके दिवशी त्या स्त्रीला तिच्या स्वतःच्या रुग्णालयाविषयी एक भयंकर गोष्ट सांगितली, आणि ती ऐकण्याचे धैर्य तिने दाखविले. रुग्णालयात येणाऱ्या माणसाला रुग्णालयातच नवा आजार जडू नये यासाठी आज जगभर जी शिस्त पाळली जाते, तिचा एक उगम या धैर्यात आहे. म्हणून या लेखात दिव्यापेक्षा वहीविषयी अधिक लिहावयाचे आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत झाला. आईवडील लग्नानंतर दीर्घ प्रवासास निघाले होते आणि ज्या नगरीत कन्या जन्मली त्या नगरीचे नाव तिला द्यावे, असा त्यांचा शिरस्ता होता. थोरली बहीण नेपल्स येथे जन्मली म्हणून त्या शहराचे प्राचीन ग्रीक नाव पार्थेनोपी तिच्या वाट्याला आले! घराणे धनिक होते. डर्बीशायर आणि हॅम्पशायर अशा दोन परगण्यांत त्यांची प्रशस्त घरे होती. वडील विल्यम नाईटिंगेल विद्याव्यासंगी गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषा, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकविले. धाकटीला गणिताची विलक्षण गोडी होती. त्या काळच्या खानदानी मुलीस गणिताची गोडी असणे हे घरच्यांना फारसे रुचणारे नव्हते.

७ फेब्रुवारी १८३७ या दिवशी, वयाच्या सतराव्या वर्षात असताना, देवाने आपल्याला त्याच्या सेवेसाठी पाचारण केले आहे, असा स्पष्ट अनुभव तिला आला. ही तारीख ती जन्मभर विसरली नाही. मात्र ही सेवा कोणती, हे कळावयास पुढे कित्येक वर्षे लागली. ते कळले तेव्हा घरात वादळ उठले. त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालयांत काम करणाऱ्या बायका बहुधा अशिक्षित असत, त्यांच्या व्यसनांच्या कहाण्या सर्वतोमुखी होत्या आणि कुलीन घरातील मुलीने तेथे पाऊल टाकावे ही कल्पनाच आईला आणि बहिणीला असह्य होती. अनेक वर्षे ही मुलगी आतल्या आत कुढत राहिली. रिचर्ड मंक्टन मिल्न्स या सुविद्य गृहस्थांची मागणी तिने दीर्घ विचारानंतर नाकारली. पहाटे उठून, घरचे जागे होण्यापूर्वी, ती रुग्णालयांचे सरकारी अहवाल वाचून त्यांची टिपणे काढीत असे. पुढची नाईटिंगेल या पहाटेच्या टिपणांत तयार होत होती.

येथून पुढे तिचा आपल्या ख्रिस्तसभेशी संबंध येतो. इंग्रजी चरित्रांत तो बहुधा दोनचार ओळींत उरकलेला असतो. कॅथलिक वाचकांना मात्र तो सविस्तर ठाऊक असावयास हवा. १८४७-४८ च्या हिवाळ्यात नाईटिंगेलबाई रोममध्ये होत्या. तेथील त्रिनिता देई मोंती या मठात मादरे सान्ता कोलोंबा नावाच्या धर्मभगिनीशी त्यांचा स्नेह जडला. त्या मठात त्यांनी दहा दिवस मौनात आणि प्रार्थनेत घालविले. ईश्वराच्या इच्छेपुढे स्वतःची इच्छा संपूर्णपणे वाहून टाकावी, हा त्या भगिनीचा उपदेश त्यांच्या मनात आयुष्यभर घुमत राहिला. याच मुक्कामात सिडनी हर्बर्ट आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांची ओळख झाली. हे हर्बर्ट पुढे युद्धखात्याचे मंत्री झाले आणि नाईटिंगेलबाईंच्या साऱ्या कार्याला त्यांचा हात लागला.

अलेक्झांड्रियात त्यांनी संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या भगिनींचे रुग्णसेवेचे काम पाहिले. जर्मनीतील कैझरव्हर्थ येथे पास्टर फ्लीडनर यांनी प्रॉटेस्टंट सेविकांसाठी चालविलेल्या संस्थेत १८५१ साली सुमारे तीन महिने राहून त्यांनी प्रत्यक्ष शिक्षण घेतले. १८५२ मध्ये त्यांनी हेन्री मॅनिंग यांच्याशी कॅथलिक होण्याविषयी गंभीर पत्रव्यवहार केला. मॅनिंग नुकतेच अँग्लिकन पंथातून कॅथलिक श्रद्धेत आले होते आणि पुढे ते वेस्टमिन्स्टरचे महागुरुस्वामी व कार्डिनल झाले. नाईटिंगेलबाई कॅथलिक झाल्या नाहीत. श्रद्धेची काही तत्त्वे त्यांच्या स्वतंत्र बुद्धीला मान्य होत नव्हती, आणि मॅनिंग यांनीही घाई करविली नाही. मला यात मॅनिंग यांचे मोठेपण दिसते. आपल्या पंथात एक नामांकित घराण्यातील स्त्री आणण्याचा मोह त्यांनी आवरला आणि तरीही पॅरिस येथील सेवाभगिनींच्या संस्थेत शिकावयास जाण्यासाठी तिला मदत केली. आजारपणामुळे आणि घरच्या अडचणींमुळे ते शिक्षण पुरे झाले नाही, ही गोष्ट वेगळी.

ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. संचालकांचा आग्रह होता की तेथे केवळ अँग्लिकन पंथाच्या स्त्रियांनाच घ्यावे. कॅथलिक आणि यहुदी स्त्रियांनाही प्रवेश मिळेल व त्यांचे धर्मगुरू त्यांना भेटावयास येऊ शकतील, ही अट मान्य झाल्याशिवाय त्यांनी काम स्वीकारले नाही.

त्यानंतर क्रिमियाचे युद्ध आले. १८५४ च्या शरद ऋतूत लंडनच्या वृत्तपत्रांतून जखमी सैनिकांच्या हालांची वर्णने येऊ लागली. फ्रेंच सैनिकांच्या उशाशी सेवाभगिनी आहेत आणि इंग्रज सैनिकांना कोणी विचारीत नाही, हे वाचून सारा देश अस्वस्थ झाला. हर्बर्ट यांनी नाईटिंगेलबाईंना परिचारिकांचे पथक घेऊन जाण्याची विनंती केली. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ३८ स्त्रियांचे पथक निघाले. त्यात दहा कॅथलिक धर्मभगिनी होत्या हे आपण ध्यानात घ्यावे. पाच जणी लंडनच्या बर्मंडसी येथील करुणेच्या भगिनींच्या मठातील होत्या आणि पाच नॉरवूड येथील अनाथालयातील. सदर्कचे बिशप टॉमस ग्रँट यांनी बर्मंडसीच्या भगिनींना नाईटिंगेलबाईंच्याही आधी रवाना केले होते; पॅरिसमध्ये थांबून त्यांनी पथकाची वाट पाहिली. रुग्णालयाच्या कामात या भगिनी एका अँग्लिकन स्त्रीच्या आज्ञेत राहतील, असा करार बिशपांनी केला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिकांविषयी किती संशय होता, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कराराचे मोल कळेल.

बर्मंडसीच्या मठाच्या वरिष्ठ मदर क्लेअर मूर या डब्लिनच्या. १८३२ सालच्या कॉलऱ्याच्या साथीत मदर कॅथरिन मॅकॉली यांच्या सोबत त्यांनी रुग्णसेवा केली होती. साथीच्या रुग्णालयात काय करावे लागते, हे या पथकातील फार थोड्या जणींना ठाऊक होते. मदर क्लेअर त्यांच्यापैकी एक. नॉरवूडच्या भगिनींना मात्र मुलांच्या संगोपनाचा अनुभव होता, रुग्णालयाचा नव्हता. नाईटिंगेलबाईंनी त्यांना दोन महिन्यांच्या आत परत पाठविले. त्यावरून कुरकुर झाली, पण निर्णय पंथावरून नव्हे तर कामावरून झाला होता. बर्मंडसीच्याच सिस्टर गोंझागा यांना त्या गमतीने कार्डिनल म्हणत आणि त्यांच्यावर त्यांचा अपार विश्वास होता.

४ नोव्हेंबर रोजी हे पथक कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारी येथे पोहोचले. दुसऱ्याच दिवशी इंकरमनची लढाई झाली आणि जखमींचे तांडे येऊ लागले. तुर्कांची एक प्रचंड बराक रुग्णालय म्हणून दिली गेली होती. तिच्या ओवऱ्यांतून खाटांच्या आणि गवताच्या गाद्यांच्या रांगा सुमारे चार मैल भरतील एवढ्या होत्या. अंथरुणे, सदरे, वाट्या, साबण, टॉवेल यांतले काहीच पुरेसे नव्हते. नाईटिंगेलबाईंनी सर्वप्रथम मागविलेल्या वस्तूंत फरशी घासण्याचे ब्रश होते. त्यांनी जवळच एक घर भाड्याने घेऊन तेथे पाणी उकळण्याची सोय केली आणि सैनिकांच्या बायकांना धुलाईच्या कामावर लावले. स्वतंत्र स्वयंपाकघर उभे केले. रात्री आठनंतर वॉर्डात अन्य स्त्रियांनी फिरू नये असा दंडक घालून त्या स्वतः दिवा घेऊन फेरी घालीत. तो दिवा म्हणजे घडीचा तुर्की कंदील होता. १८५७ मध्ये अमेरिकन कवी लाँगफेलो यांनी संत फिलोमिना या नावाची कविता लिहून तो दिवा अजरामर केला.

आणि तरीही माणसे मरत होती. हिवाळा पुढे सरकला तसा मृत्यूचा आकडा वाढतच गेला. बहुतेक जण गोळीने किंवा तलवारीने नव्हे, तर हगवण, कॉलरा, विषमज्वर आणि टायफस यांनी दगावत होते. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत पोहोचले. त्या हिवाळ्यात एकट्या स्कुटारीत चार हजारांहून अधिक सैनिकांना मूठमाती द्यावी लागली. इतकी स्वच्छता केली, इतका जीव तोडून सेवा केली, तरी हे का व्हावे? नाईटिंगेलबाईंची त्या वेळची समजूत अशी होती की सैनिक आघाडीवरून येतानाच उपासमारीने आणि थंडीने इतके खंगलेले असतात की त्यांना वाचविणे अशक्य असते.

मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठविलेला आरोग्य आयोग स्कुटारीत आला. त्यात डॉ. जॉन सदरलँड आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन होते. त्यांनी फरशीखाली पाहिले. ते भव्य रुग्णालय तुंबलेल्या गटारांवर आणि मैल्याच्या खड्ड्यांवर उभे होते. संडासांतील दूषित हवा थेट वॉर्डात येत होती. पिण्याच्या पाण्याच्या वाटेत मेलेले घोडे सडत पडलेले आढळले. आयोगाने गटारे वाहती केली, घाण काढून नेली, पाण्याचा मार्ग साफ केला, भिंतींना चुना दिला, बंद तावदाने उघडली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनवर आले.

या काळातील एका कटू प्रकरणाकडे डोळेझाक करणे मला योग्य वाटत नाही. डिसेंबर १८५४ मध्ये मदर फ्रान्सिस ब्रिजमन यांच्या नेतृत्वाखाली आयर्लंडहून करुणेच्या भगिनींचे दुसरे पथक आले. नाईटिंगेलबाईंना त्याची पूर्वकल्पना नव्हती. मदर ब्रिजमन यांनी त्यांच्या आज्ञेत राहण्यास नकार दिला आणि दोघींमध्ये अखेरपर्यंत तेढ राहिली. एकीला वाटे की दोन अधिकारिणी झाल्या तर शिस्त मोडेल; दुसरीला वाटे की आपल्या भगिनींचे व्रतस्थ जीवन परक्या हाती जाईल. दोघीही आपापल्या परीने खऱ्या होत्या आणि दोघींच्या जिभेला धार होती. आयरिश भगिनींची शुश्रूषा मात्र उत्तम होती, हे आता अनेक अभ्यासक मान्य करतात. त्यांच्यापैकी दोघी बालाक्लाव्हा येथे साथीच्या आजारांनी मरण पावल्या आणि तेथील भूमीतच विसावल्या. परिचर्येच्या इतिहासात त्यांची नावे आणखी ठळक अक्षरांत असावयास हवी होती.

मे १८५५ मध्ये नाईटिंगेलबाई स्वतः बालाक्लाव्हा येथे तापाने अंथरुणास खिळल्या आणि मरता मरता वाचल्या. त्या दुखण्याचा ससेमिरा त्यांच्यामागे पुढे अनेक वर्षे राहिला. ऑगस्ट १८५६ मध्ये त्या मायदेशी परतल्या. देश त्यांच्या मिरवणुकीची तयारी करीत होता आणि त्या मिस स्मिथ अशा नावाने गुपचूप आल्या. लंडनमध्ये उतरल्यावर त्यांनी पहिले दार ठोठावले ते बर्मंडसीच्या मठाचे. मदर क्लेअर प्रकृती ढासळल्यामुळे एप्रिलमध्येच परतल्या होत्या. मठात त्या दिवशी वार्षिक रिट्रीट सुरू होत होते. काही तास त्या भगिनींच्या सहवासात घालवून मग नाईटिंगेलबाई आपल्या घरी गेल्या.

यानंतरची वर्षे वहीची आहेत. राणी व्हिक्टोरियाची भेट घेऊन त्यांनी सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणारा शाही आयोग नेमवून घेतला. जनगणना व जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातील ख्यातनाम संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने त्या आकडे मांडू लागल्या. आयोगाकडून निर्दोष ठरावे यासाठी नव्हे, तर चूक कोणाची हे शोधण्यासाठी. आघाडीवरील लहान, ओबडधोबड तंबूंतील रुग्णालये आणि स्कुटारीचे मोठे रुग्णालय यांची तुलना झाली, तेव्हा सर्वांत अधिक मृत्यू स्कुटारीतच झाले होते असे दिसले. तेथे येणारे सैनिक मरावयाच्याच अवस्थेत येत होते, हे स्पष्टीकरण पुरे पडेना. अनेकांना मृत्यू रुग्णालयाने दिला होता. ज्या छपराखाली त्यांनी आणि त्यांच्या सहकारिणींनी रात्रीचा दिवस केला, त्याच छपराखालची गटारे आणि कोंडलेली हवा रुग्णांचा जीव घेत होती, आणि आयोग येईपर्यंत ते त्यांच्याही लक्षात आले नव्हते.

ह्यू स्मॉल यांनी १९९८ मध्ये लिहिलेल्या चरित्रात या शोधाला त्यांच्या आयुष्यातील निर्णायक घटना मानले आहे. १८५७ च्या ऑगस्टमध्ये त्यांची प्रकृती कोसळली त्यामागे हा मानसिक आघात होता, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सर्व अभ्यासकांना ते मान्य नाही. जुना ताप उलटला असेही पुष्कळजण म्हणतात. एक गोष्ट मात्र वादातीत आहे. ज्या स्त्रीला सारा देश देवदूत मानीत होता, तिला गप्प बसणे अगदी सोपे होते. वही मिटून ठेवली असती तर कोणी विचारणारे नव्हते. तिने उलट केले. स्कुटारीचे आकडे जसेच्या तसे अहवालात घातले, आणि सरकार ते दडपू लागले तेव्हा १८५८ मध्ये खाजगीरीत्या छापलेल्या प्रती वजनदार मंडळींच्या हाती पोहोचतील अशी तजवीज केली. आपण पापनिवेदनापूर्वी आत्मपरीक्षण करतो. बहुतेक वेळा ते आठवणींच्या आधारे असते आणि आठवणी आपल्या बाजूने झुकतात. आकड्यांच्या आधारे केलेले आत्मपरीक्षण किती निर्दय असते, हे मला या प्रसंगावरून कळले.

आकडे मंत्र्यांना वाचता यावेत म्हणून त्यांनी ते चित्ररूपाने मांडले. वर्षाचे बारा महिने म्हणजे एका वर्तुळाच्या बारा पाकळ्या. टाळता येण्याजोग्या रोगांनी झालेले मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे तांबड्या, इतर कारणांचे काळ्या. निळी पाकळी इतकी मोठी की तांबडी तिच्यापुढे चिमूटभर दिसते. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने त्यांना पहिली स्त्री सभासद म्हणून निवडले.

१८५९ मध्ये रुग्णालयांविषयीचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. रुग्णालयाने निदान रुग्णाला अपाय तरी करू नये, ही किमान अपेक्षाही त्या काळी विचित्र वाटेल अशी होती आणि त्यांनी तीच सर्वांत आधी मांडली. वॉर्डात दोन्ही बाजूंना समोरासमोर खिडक्या असाव्यात, दोन खाटांत ठराविक अंतर असावे, भिंती आणि जमीन ओल शोषणार नाहीत अशा असाव्यात, आणि प्रत्येक रुग्णालयाने एकाच प्रकारच्या नमुन्यात आजार व मृत्यू यांची नोंद ठेवावी, म्हणजे एकाची दुसऱ्याशी तुलना करता येईल. परिचर्येवरील त्यांचे दुसरे छोटे पुस्तक घराघरांत पोहोचले. शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड ही त्यांची पंचसूत्री. कोरड्या फडक्याने धूळ झटकणे म्हणजे ती एका जागेवरून उठवून दुसरीकडे बसविणे, म्हणून ओल्या फडक्याने पुसावे, असे बारकावे त्यात आहेत. परिचारिकेने दिवसातून अनेकदा हात धुवावेत, हेही त्यात आहे.

ही हात धुण्याची गोष्ट वाचताना मला एक प्रसंग आठवतो. आजाऱ्यांना अभ्यंग संस्कार देण्यासाठी धर्मगुरूला रुग्णालयात वारंवार जावे लागते. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका वॉर्डात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे निघालो असता आपल्याच समाजातील एका तरुण परिचारिकेने मला अडविले आणि अतिशय नम्रपणे बेसिनकडे बोट दाखविले. मी ओशाळलो. पहिल्या रुग्णाच्या कपाळाला आणि तळहातांना लावलेले माझे बोट मी तसेच दुसऱ्याच्या कपाळावर टेकविणार होतो. ती म्हणाली ते सप्रमाण होते. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९४ ते १९९७ या काळात अल्कोहोलयुक्त द्रव खाटेपाशी ठेवून हात स्वच्छ करण्याची मोहीम राबविण्यात आली. हात स्वच्छ करण्याचे प्रमाण शेकडा ४८ वरून ६६ वर गेले आणि रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचे प्रमाण शेकडा १६.९ वरून ९.९ वर आले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानंतर ही पद्धत जगभर पसरली. नाईटिंगेलबाई असत्या तर त्यांनी तो तक्ता आधी पाहिला असता.

त्यांच्याकडून चुकाही झाल्या. १८६३ मध्ये त्यांनी लंडनच्या मोठ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ९० हून अधिक असल्याचे आकडे छापले. वर्षभरातील एकूण मृत्यूंना एका दिवशी हजर असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागले होते, आणि टीकाकारांनी ही पद्धत चूक असल्याचे दाखवून दिले. ते बरोबर होते. दुसरे असे की रोग सूक्ष्म जंतूंनी पसरतात हे त्यांना दीर्घकाळ पटले नाही. दूषित हवेतून आणि घाणीतून रोग उद्भवतात असे त्या मानीत. कारण चुकीचे धरले असूनही उपाय बरोबर निघाला, कारण त्यांनी तो मृत्यूच्या आकड्यांवर पारखून घेतला होता. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी जंतुनाशक पद्धतींचा स्वीकार केला आणि परिचारिकांना त्या शिकविण्याचा आग्रह धरला.

१८६० मध्ये, लोकांनी कृतज्ञतेने उभारलेल्या निधीतून, लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांचे परिचारिका विद्यालय सुरू झाले. त्याच निधीतून किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुइणींना शिकविण्यासाठी एक प्रसूतिकक्ष उघडण्यात आला. येथे त्यांना दुसरा धडा मिळाला. कक्षात बाळंतज्वराने स्त्रिया दगावू लागल्या. हिशेब केला तेव्हा हजार प्रसूतींमागे ३३ मृत्यू निघाले. साऱ्या इंग्लंडात, गरिबांच्या खोपट्यांतील बाळंतपणे धरूनही, ते प्रमाण हजारी पाचच्या आसपास होते. त्यांच्या स्वतःच्या नावाच्या निधीचा हा कक्ष १८६७ मध्ये बंद करण्यात आला. १८७१ मध्ये त्यांनी प्रसूतिगृहांवर एक पुस्तक लिहून सारे आकडे पुन्हा लोकांपुढे मांडले, आणि बाळंतिणींना इतर रुग्णांपासून अलग ठेवण्याचा आग्रह धरला.

हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत, तरी चाळीसेक वर्षे त्यांच्या टेबलावर हिंदुस्थानचे कागद होते. १८५९ मध्ये येथील सैन्याच्या आरोग्यासाठी नेमलेल्या शाही आयोगासाठी त्यांनी ठाण्याठाण्यांवर प्रश्नावल्या पाठविल्या आणि गाडाभर उत्तरे वाचून काढली. १८६३ च्या अहवालानुसार येथील गोऱ्या सैनिकांतील मृत्यूचे प्रमाण हजारी ६९ होते. दहा वर्षांत ते हजारी १८ वर आल्याचे त्यांनी नमूद केले. मुंबईचे गव्हर्नर असलेले सर बार्टल फ्रिअर त्यांचे स्नेही होते. पुढे त्यांचे लक्ष छावणीकडून खेड्याकडे वळले. मुंबई इलाख्यातील ग्रामस्वच्छतेच्या प्रश्नावर पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. विहिरीतील घाण खेडुताला डोळ्यांनी दिसावी म्हणून गावोगाव चित्रदीपाच्या साह्याने व्याख्याने द्यावीत, असे त्यांनी सुचविले होते.

१८५७ नंतरचे त्यांचे आयुष्य बव्हंशी एका खोलीत गेले. या खोलीत मदर क्लेअर मूर यांच्याकडून येणारी पुस्तके असत : संत तेरेझा, क्रुसाचे संत योहान यांचे लेखन. संतांच्या या साधनामार्गावर स्वतः एक संकलन करण्याचे त्यांच्या मनात होते, ते अपुरे राहिले. १४ डिसेंबर १८७४ रोजी मदर क्लेअर देवाघरी गेल्या. स्कुटारीत आपल्यापेक्षा त्यांचीच योग्यता अधिक होती, असे नाईटिंगेलबाईंनी त्यांना पत्रातून कळविले होते. ते केवळ सौजन्य नव्हते असे त्या दोघींच्या वीस वर्षांच्या स्नेहावरून वाटते.

म्हातारपणी दृष्टी गेली. १९०७ मध्ये ब्रिटनचा ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या, परंतु तेव्हा भोवतालचे फारसे कळण्याच्या अवस्थेत त्या नव्हत्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन करण्याचा प्रस्ताव त्यांच्या इच्छेनुसार नाकारण्यात आला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या खेड्याच्या चर्चच्या आवारात आईवडिलांजवळ त्यांना ठेवले आहे. दगडावर त्यांच्यासाठी पूर्ण नावही नाही. फक्त दोन आद्याक्षरे, आणि जन्माचे व मृत्यूचे साल.